निमाताईचं उत्तर

आमच्या घराला आणि चक्कीला भिंत एकच होती. तिकडे पट्टा फिरायला लागला की इकडे फळीवरचे डबे बारीक थरथरायचे, चुलीपाशी बसलेली माय काय म्हणतेय ते शेजारी बसलेल्या मलाही ऐकू यायचं नाही, आणि मग बोलणं आपोआप हातांवर यायचं. मूठ तोंडाशी नेली की पाणी. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली की बारीक दळण, पाची बोटं विस्कटून हलवली की भरड. तळहात आडवा फिरवला की संपलं, उद्या या. पांढरकवड्याच्या रस्त्यावरचं आमचं गाव काही मोठं नव्हतं, पण आसपास चक्की ती एकच, म्हणून चार गावची ज्वारी आमच्या ओट्यावर यायची आणि चार गावच्या बाया आमच्या खुणा शिकून जायच्या. कधी मध्येच विजेची लाइन जायची. एकदम इतकं शांत व्हायचं की आढ्यावरच्या चिमण्यांचं भांडण ऐकू यावं, तरी ओट्यावरच्या बाया घटकाभर हातांनीच बोलत राहायच्या आणि मग स्वतःलाच हसायच्या.

अशा घरात माझी थोरली बहीण निमाताई बहिरी होती, पण त्याचं आम्हाला काही अडलं नाही, असं मी कितीतरी वर्षं लोकांना सांगत आले. दोन वर्षांची असताना तिला मोठा ताप आला आणि त्यात तिचं ऐकणं गेलं. खुणा तर घरात होत्याच. भूक लागली, डोकं दुखतं, विळा कुठे ठेवला, एवढं सगळं व्हायचं. मी तिच्याहून तीन वर्षांनी धाकटी, आणि घरात मला जो काही मान होता तो एवढ्यासाठीच की ताईचं सगळं मला कळतं. तिनं हात उचलायचा अवकाश, मी सांगून मोकळी. पाहुणे म्हणायचे, "मंदीले पुसा, तिले सारं समजते." मला गणित येत नव्हतं, गळा नव्हता, रूपाचं तर बोलायलाच नको; हे एकच काय ते माझ्या नावावर होतं आणि ते मी फार जपलं. त्यात खरोखर किती कळायचं आणि किती मी ठोकून द्यायचे, हे तपासणारं कोणी नव्हतं. तपासायचं तर ताईला विचारावं लागलं असतं, आणि ताईला विचारायचं तर मध्ये पुन्हा मीच.

पुढे गावातल्या एका मास्तरांनी सुचवलं म्हणून बाबांनी तिला लांबच्या शहरातल्या मुक्याबहिऱ्यांच्या शाळेत घातलं. तिथे वसतिगृह होतं. वर्गात खुणा करायला बंदी. ओठांकडे बघा, गळ्यावर हात ठेवा, 'पा' म्हणा, 'बा' म्हणा. हात उचलला की पट्टी बसायची. पण वर्ग सुटला की वसतिगृहात सगळ्या पोरी हातांनीच बोलायच्या, मोठ्यांचं बघून धाकट्या शिकायच्या, आणि बाईंना वाटायचं पोरी खेळताहेत. हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की तिसऱ्या उन्हाळ्यात जी ताई घरी आली, तिचं मला काहीएक समजेना. ती हवेत उजवीकडे एक बोट रोवायची, डावीकडे दुसरं, आणि मग बराच वेळ त्या रिकाम्या जागांकडे बोट करून काहीतरी सांगत राहायची. मी वळून बघावं तर तिथे उखळ. मध्येच ती खांदा वळवायची, मान ताठ करायची, डोळे बारीक करायची, आणि कोणी दुसरीच होऊन बोलायची. खांदा परत वळला की पुन्हा आपली ताई. भुवया वर, भुवया खाली, गाल फुगलेले, ओठ आवळलेले. मला वाटलं, ही कोणाची तरी नक्कल करून दाखवतेय. मी जोरात हसले. तिचं तोंड उतरलं आणि ती पाणी भरायला निघून गेली.

कुरोड्यांच्या दिवशी तर शेजारपाजारच्यांनाही ते दिसलं. आमच्याकडे गहू तीन दिवस भिजवून त्याचा चीक काढतात, अंगणात चूल मांडून तो शिजवतात, आणि साच्यातून खाटेवरच्या धोतरावर कुरोड्या पाडतात. गरम चिकावर तिखट-तेल घालून वाटीभर खायला मिळतं, त्या आशेनं गल्लीतली पोरं जमतात. ताई साचा दाबत होती. हात भरलेले, म्हणजे तिचं बोलणं बंद. पण तिला काहीतरी आठवलं असावं. तिनं हात पदराला पुसले आणि मायकडे बघून सुरू झाली, भुवया चढवून, गाल फुगवून, अंगणाच्या कोपऱ्याकडे बोट करून.

"अवं, हे पोट्टी तोंड काहून वाकडं करून राह्यली?" शेजारची शेवंतामावशी म्हणाली. "होस्टेलात कोनाची नजर त नाही लागली?"

"बोट कोनाले दाखवून राह्यली वं?" माय घाबरून कोपऱ्याकडे बघत होती. "तिथं त कोनीच नाही. मंदे, काय म्हनते ते?"

"होस्टेलातली गंमत सांगते," मी म्हटलं. मला एक अक्षर कळलं नव्हतं. संध्याकाळी मायनं मीठमिरच्या घेऊन ताईची नजर काढली. ताई पाटावर मुकाट बसली होती आणि मिरच्यांच्या ठसक्यानं दोघी खोकत होत्या.

आता माझी साठी उलटून गेली आहे. नातीनं मोबाइलवर सांकेतिक भाषेचे धडे लावून दिले आहेत आणि दुपारी चहा झाला की मी चष्मा चढवून बसते. शिकवणारी बाई स्वतः बहिरी आहे, माझ्या मुलीच्या वयाची, खाली मराठीत ओळी येतात. पहिल्याच दिवशी मी 'तुझं नाव काय आहे' मधलं 'आहे' कुठे दिसतं ते शोधत बसले. ते नाहीच. 'काय' शेवटी येतं, आणि नुसतं हातानं येत नाही, भुवयांनी येतं. भुवया हलल्या नाहीत तर तो प्रश्नच होत नाही. कालचं असेल तर काल आधी सांगायचं, मग बाकीचं. हवेत बोट रोवलं की तिथे एक माणूस उभा राहिला, तो गोष्ट संपेपर्यंत तिथेच उभा असतो, आणि 'दिलं' म्हणताना हात देणाऱ्याच्या जागेवरून घेणाऱ्याच्या जागेकडे जातो, म्हणजे कोणी कोणाला हे निराळं सांगायला नको. हा धडा बघताना मी मोबाइल खाली ठेवला. आमच्या उखळापाशी त्या उन्हाळ्यात ताईची कोणी बाई उभी होती, मैत्रीण उभी होती, कदाचित मीही उभी असेन, आणि आम्ही मीठमिरच्या ओवाळत होतो. मला लाजही वाटली आणि रागही आला. राग कोणावर ते ठरवता येईना. आम्हाला खुणा येत होत्या, हाच आमचा घोटाळा झाला. खुणा येत नसत्या तर कोणाला तरी विचारलं असतं.

त्या उन्हाळ्यात घरात एक प्रश्न घुमत होता. ताईची शाळेची आणखी दोन वर्षं राहिली होती आणि त्यानंतर तिथेच शिवणाचा वर्ग होता. तिला परत धाडायचं की नाही? ती गेली की माय चुलीपुढे बसून रडायची. शेवंतामावशी आणि इतर बाया कानाशी लागल्या होत्या, मोठी पोरगी, परका मुलूख, त्यात ते तोंड वाकडं करणं. बाबा मात्र सरळ माणूस. एका दुपारी लाइन गेलेली असताना त्यांनी आम्हा दोघींना ओट्यावर बोलावलं. माय आणि दळणाला आलेल्या तीन-चार बाया तिथेच बसल्या होत्या.

"मंदे, तिले इचार," बाबा म्हणाले. "जाचं हाय का शाळेत? तिचं मन असंन त धाडतो. नसंन त नाही धाडत. मी जबरदस्ती नाही करनार."

मी आमच्या घरच्या खुणांनी विचारलं: शाळा, जायचं, की घर. ताईनं माझ्याकडे नाही, बाबांकडे बघितलं आणि उत्तर द्यायला लागली. ते उत्तर मी आयुष्यभर डोळ्यांपुढे आणत आले आहे आणि दर वेळी ते थोडं निराळं दिसतं. तिनं एक बोट उजवीकडे रोवलं, एक डावीकडे. खांदा वळवून ती माय झाली, पदरानं डोळे पुसले. मग मान हलवली. मग छातीवर हात, दोन बोटं, हात पुढे, पुन्हा डावीकडे बोट, आणि मग हात इतके भरभर चालले की मी फक्त तिच्या बांगड्यांकडे बघत राहिले. शेवटी ती थांबली. सगळे माझ्याकडे बघत होते. बाया, माय, बाबा, आणि ताईही, बाबांना काय सांगतेस म्हणून.

'मला समजलं नाही' एवढंच म्हणायचं होतं. ते मी म्हणू शकले नाही. चार बायांपुढे, जिला सगळं समजतं तिनं? मला माय दिसली होती, रडणं दिसलं होतं, हललेली मान दिसली होती. बाकीचं मी जुळवलं.

"नाही म्हनते," मी म्हटलं. "माय रडते म्हनते. घरीच राहीन म्हनते."

मायनं तिथल्या तिथे ताईला जवळ ओढलं. ताईला वाटलं असणार, आपलं बोलणं पोचलं. ती मायच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून हसली. तेवढ्यात लाइन आली आणि चक्की सुरू झाली. मी हे मुद्दाम केलं का? ती घरी राहावी हे मला हवंच होतं, हे खरं. ती नसताना घरात मला कोणी काही विचारत नसे, हेही खरं. पण त्या क्षणी मी खोटं बोलत होते की नुसतीच घाबरले होते, याचा उलगडा मला आजही होत नाही. एक दिवस वाटतं मुद्दाम, दुसऱ्या दिवशी वाटतं, पोरगी होते मी, काय कळत होतं मला.

जूनमध्ये ताईनं आपली पत्र्याची पेटी पुसून काढली, कपडे घड्या करून भरले आणि पेटी दाराशी आणून ठेवली. बाबा काहीच हालचाल करेनात. तिनं मला विचारलं, म्हणजे भुवया वर करून पेटीकडे बोट केलं. तेवढं मलाही कळलं. मी बाबांकडे बोट दाखवून तळहात आडवा फिरवला: बाबा नाही म्हणाले. एका खोट्यावर दुसरं चढलं. ती बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं पेटी उचलून खाटेखाली सरकवली. त्या दिवशी मायनं मुद्दाम तिच्या आवडीचा बेसनाच्या पातोडीचा रस्सा केला होता. ताईनं भाकरी कुस्करून ठेवली आणि उठली. त्यानंतर ती चक्कीवर बसायला लागली आणि फक्त चक्कीच्या खुणा करायची. बारीक. भरड. संपलं. हवेत बोट रोवणं बंद, भुवया बंद. शेवंतामावशी म्हणाली, "सुधरली बापा पोट्टी." मला सगळं समजायला लागलं होतं आणि मला ते बघवत नव्हतं.

आठ-दहा दिवसांनी सकाळच्या गाडीनं वणीहून हनीफचाचा आले. त्यांचं कोळशाच्या ट्रकांचं गॅरेज होतं. त्यांची रझिया ताईच्याच वर्गात, तीही बहिरी, आणि दर वर्षी दोघी पोरी एकाच गाडीनं जायच्या. ताई थांब्यावर तयार उभी असायची. या वेळी ती थांब्यावर दिसली नाही म्हणून बापलेक मध्येच उतरून घरी आले. रझिया आत शिरली मात्र, आणि चक्कीपाशी बसलेली ताई पिठाच्या हातांनी उठली. त्या दोघी अंगणात उभ्या राहून बोलायला लागल्या. बोलणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. पीठ उडत होतं. एक बोलत असताना दुसरी मध्येच तोडत होती, दोघी चिडत होत्या, रझियानं कपाळाला हात लावला, ताई रडली, मग कशावर तरी दोघी हसल्या. मी दारात उभी होते आणि माझ्या घरात मीच पाहुणी.

बाबांनी चक्की बंद केली. "चाचा, चहा घ्या," ते म्हणाले. "पोरगी यंदा नाही येत. तिचं मन नाही."

चाचा चकित झाले. "मन नाही? भाऊ, हे त म्हनून राह्यली का बापानं नाही म्हटलं."

"मी कायले नाही म्हनीन?"

चाचा पोरींकडे वळले आणि हातांनी बोलायला लागले. काळे पडलेले, जाड हात, सावकाश चालत होते, चुकतही असावेत, कारण रझिया दर वेळी हसून दुरुस्त करत होती. ताईनं काही सांगितलं. चाचांनी हात वर करून तिला थांबवलं, मुठीनं डोक्यापाशी काहीतरी केलं आणि मान हलवली. तिनं पुन्हा सांगितलं. पुन्हा त्यांनी तसंच केलं. आम्हाला ते सहज म्हणाले, "मले लवकर नाही समजत. फिरून-फिरून सांगा लागते. बिचाऱ्या सांगतात." तिसऱ्यांदा ताईनं सांगितल्यावर ते बाबांकडे वळले.

"ते म्हनते, मी उन्हायातच सांगतलं होतं. माय रडते, तिले म्हना रडू नको. दोन सालं राह्यले, मले जाऊ द्या. शिवन शिकून मी घरीच येनार हाय." चाचांनी मायकडे बघितलं. "आनखी म्हनते, इथं माह्याशी कोनी बोलत नाही."

"काहून?" माय म्हणाली. "मंदी बोलते ना दिवसभर."

चाचांनी विचारलं. ताईनं माझ्याकडे बघितलं, मग दोन-तीनच हालचाली केल्या. चाचांना या वेळी फिरून विचारावं लागलं नाही.

"म्हनते, मंदी काम सांगते. बोलत नाही."

बाबा माझ्याकडे बघत होते. "तू त म्हनली होती, घरी राहीन म्हनते."

मी म्हटलं, "मले समजलं नव्हतं बाबा. मी मनानंच सांगतलं." आणि मग, कारण एकदा तोंड उघडलं की थांबवत नाही, "तिले मी म्हटलं का तुमी नाही म्हटलं." मायनं हात उगारला, पण मारलं नाही. ताई एकेकाचं तोंड बघत होती. सगळे तिच्याबद्दलच बोलत होते आणि तिला काहीच कळत नव्हतं. तिनं चाचांची बाही ओढून भुवया वर केल्या. चाचांनी हात मागे घेतले.

"हे मी नाही सांगनार," ते मला म्हणाले. "हे तू सांग इले."

मी ताईपुढे उभी राहिले. पाणी सांगता येत होतं, भरड सांगता येत होतं, विळा सांगता येत होता. हे सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. इतकी वर्षं दोघी एका ताटात जेवलो आणि आमच्यात 'मला कळलं नाही' याची खूणच नव्हती. आम्हाला ती कधी लागलीच नव्हती. रझियानं माझा हात धरला. माझी मूठ वळवून तिनं ती माझ्या कपाळापाशी नेली, उघडायला लावली, आणि स्वतः मान हलवून दाखवली. मी ते केलं. मग ओट्याकडे बोट केलं, बाबांकडे, माझ्या तोंडाकडे, आणि पुन्हा ते केलं. पुन्हा. मी रडत होते, त्यामुळे माझा चेहरा कसाही होत असणार, आणि चेहऱ्यावर किती असतं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ताईला कळलं. कुठल्या क्षणी कळलं ते मला दिसलं, कारण तिनं डोळे मिटून घेतले. मग ती आत गेली आणि खाटेखालून पेटी ओढल्याचा आवाज आला.

दुपारच्या गाडीला आम्ही सगळे थांब्यावर गेलो. मायनं घाईघाईनं भाकरी आणि मिरचीची भाजी फडक्यात बांधून दिली होती. ताई माझ्याशी वाटेत बोलली नाही आणि मी तिच्याकडे बघायचंही टाळलं. गाडी आली. चाचांनी पेटी आत घेतली, रझियानं खिडकीची जागा ताईला दिली. मग ताईनं खिडकीतून माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात बाहेर काढून काहीतरी म्हणाली. लांबलचक होतं. तिनं खांद्यावरून मागे हात टाकला, मग पुढे, उजवीकडे बोट रोवलं, डावीकडे रोवलं, ओठ आवळले, भुवया खाली आल्या. ती रागावली होती, की विचारत होती, की काही बजावत होती? माझी मान सवयीनं होकारार्थी हलायला निघाली होती. मी ती थांबवली. मूठ कपाळाशी नेली, उघडली, मान हलवली.

तिनं पुन्हा सांगितलं, सावकाश. मी पुन्हा मूठ नेली. तिनं तिसऱ्यांदा सुरू केलं आणि कंडक्टरनं घंटी मारली. गाडी करंजीच्या दिशेनं वळेपर्यंत तिचे हात खिडकीबाहेर चालूच होते आणि मी रस्त्याच्या मध्ये उभी राहून बघत होते.

बाबा माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. "काय म्हने ते?" त्यांनी विचारलं.

"मले नाही समजलं, बाबा," मी म्हटलं.